बार, परमिट रूम आणि समीक्षेचे गृहीतक

समलिंगी अनुभवाच्या साहित्याकडे मराठी समीक्षा व्यक्तिमनाचा प्रश्न म्हणूनच पाहत आली आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधील (१९८१) मित्राचा एकाकीपणा तिच्या स्वभावात शोधला जातो. तिच्यासारख्या अनेकजणी एकमेकींना भेटू शकतील अशी एकही जागा त्या नाट्यविश्वात नाही, ही सामाजिक वस्तुस्थिती मात्र अनुल्लेखित राहते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’तील (२००६) कुटुंबाचे घर ज्या आस्थेने वाचले जाते, त्या आस्थेने घराबाहेरच्या जागांचा अभाव वाचला जात नाही.

या उणिवेचे समर्थन आता सिद्धान्ताच्या भाषेत होऊ लागले आहे. न्यूयॉर्कच्या ‘स्टोनवॉल इन’ या बारवर २८ जून १९६९ रोजी पोलिसांनी छापा घातला आणि त्याला प्रतिकार झाला. त्या घटनेला उगमस्थान मानायचे, आपल्याकडे तसे बार नव्हते म्हणायचे, आणि म्हणून समूह नव्हता, केवळ व्यक्ती होत्या, असा निष्कर्ष काढायचा, अशी ही युक्तिवादाची साखळी आहे. तिची प्रत्येक कडी कच्ची आहे.

मुंबईत कुलाब्याच्या ‘गोकुळ’ बारमध्ये समलिंगी पुरुष जमत असत. त्याच परिसरातील ‘व्हूडू’ पबमधील शनिवारची रात्र त्यांची मानली जाई. ‘गोकुळ’वर तशी पाटी नव्हती. इतर गिऱ्हाइकांच्या शेजारची काही टेबले केवळ वहिवाटीने आपली झाली होती. पाटी नसलेल्या जागेला इतिहास नसतो, असे मानणे ही अभ्यासकाची सोय झाली, इतिहासदृष्टी नव्हे.

तथापि या बारांचे गौरवीकरणही तितकेच फसवे ठरेल. १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलेली परमिट रूम ही संस्था मुळातच पुरुषांची. तेथे बसण्यासाठी पेल्याची किंमत मोजावी लागे आणि रात्री उशिरा घरी परतण्याची मुभा असावी लागे. मित्राला ‘गोकुळ’मध्ये खुर्ची मिळाली नसती. नागपूरशेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे; बार हेच प्रमाण मानले, तर तेथील समलिंगींना सामूहिक इतिहासच नाही असे म्हणावे लागेल. २०१६ मध्ये नागपुरात निघालेली अभिमान यात्रा कोणत्याही बारच्या आख्यायिकेवर उभी नव्हती. रस्त्यावर एकत्र येणाऱ्यांनी त्याआधी कोठेतरी एकमेकांना ओळखलेले असते, आणि त्या ‘कोठेतरी’चा शोध घेणे हेच अभ्यासाचे काम आहे.

कलम ३७७ खाली ६ सप्टेंबर २०१८पर्यंत प्रौढांचा परस्परसंमत समलिंगी संबंधही गुन्हा ठरू शकत होता (२००९ ते २०१३ या काळातील दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाचा अपवाद वगळता). अशा भीतीत दप्तरे जपली जात नाहीत. जागा बंद होतात आणि माणसांबरोबर त्यांच्या आठवणीही जातात. म्हणूनच साहित्यकृतीला येथे दस्तऐवजाचे मोल येते. पात्रे कोठे भेटतात, त्या भेटीची किंमत कोण मोजतो आणि दाराबाहेर कोण राहते, हे प्रश्न न विचारणारी समीक्षा तटस्थ नसते. जे मौन कायद्याने लादले, तेच ती पुढे चालवते.