रिकाम्या तिजोरीचा युक्तिवाद

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या स्थानिक कारभारात एक युक्तिवाद अलीकडे वारंवार ऐकू येतो, आणि तो करणारी माणसे बेजबाबदार नसून कारभाराचा भार प्रत्यक्ष वाहणारी असल्यामुळे त्याचा परामर्श आदराने घेणे प्राप्त आहे. त्यांचा पूर्वपक्ष असा की, नगरपरिषदेची अथवा ग्रामपंचायतीची जमेची बाजू तोकडी, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली अपुरी, वेतन, वीजबिल आणि गटारांची दुरुस्ती भागवता भागवता वर्ष सरते. तेव्हा हवामानबदलासारख्या जगद्व्यापी प्रश्नावर तरतूद करणे हे श्रीमंत महानगरांचे काम असून, आपण ते सुबत्ता येईपर्यंत तहकूब ठेवावे.

यातील पहिले विधान मला संपूर्ण मान्य आहे. १९९९ साली नगरपरिषदांची जकात बंद झाल्यापासून लहान शहरांच्या हाती स्वतःचे असे वाढते उत्पन्न फारसे उरलेले नाही, आणि शासनाच्या अनुदानाची वाट पाहणे हा त्यांच्या जमाखर्चाचा स्थायिभाव झाला आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मुळातच सदोष आहे. कारण हवामानासाठी खर्च करावा की करू नये, असा विकल्प या तालुक्यांपुढे आता उरलेलाच नाही. तो खर्च आजही होत आहे. फक्त तो निरनिराळ्या लेखाशीर्षांखाली विखुरलेला असल्यामुळे त्याची एकत्रित बेरीज कोणाच्या नजरेस पडत नाही.

ऑक्टोबर २०२३ अखेर राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत शिरूर आणि दौंड ही दोन्ही नावे होती. त्यानंतर दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, मे २०२५ मध्ये, मोसमी पाऊस अकाली दाखल होत असताना, दौंड, बारामती आणि इंदापूर या पट्ट्यात अशी अतिवृष्टी झाली की, जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावयाची तेथे उभी पिके पाण्यात गेली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा मुलूख. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. अवर्षण त्याला नवे नाही, पण अवर्षण आणि अतिवृष्टी यांतले अंतर असे आखडत चालले, म्हणजे त्याचा भुर्दंड प्रथम स्थानिक तिजोरीलाच पडतो. पाणी खोल गेले की नवी विंधनविहीर, अधिक अश्वशक्तीचा पंप आणि त्या पंपाचे वाढीव वीजबिल. पाणी अंगावर आले की वाहून गेलेली मोरी, खचलेला रस्ता आणि गाळाने भरलेले गटार. या सर्व बाबी ‘पाणीपुरवठा’, ‘बांधकाम’, ‘आकस्मिक खर्च’ अशा सदरांत निमूटपणे नोंदल्या जातात, आणि वर्षाअखेरीस तोच कारभारी प्रामाणिकपणे सांगतो की, हवामानासाठी आपल्याजवळ पैसा नाही.

‘आमच्या धुराने जगाचे काय बिघडते,’ हा दुसरा आक्षेप लवकर निकालात निघतो. शिरूर-दौंडने जगाचे तापमान उतरवावे, असे कोणी म्हणत नाही. मागणी एवढीच आहे की, बदललेल्या पावसाला तोंड देण्याची सिद्धता करावी. येथे न्यायाचाही प्रश्न आहे, आणि तो मी मुद्दाम नमूद करतो: पुण्याचे सांडपाणी वाहून आणणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे दौंडच्या काठाने जाते. वरच्या महानगराच्या वाढीची किंमत खालच्या तालुक्यांनी मोजावी आणि आपल्याच गरिबीचे कारण सांगून त्याविषयी मौनही पाळावे, ही गोष्ट मला असह्य वाटते.

तिसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे. वरून योजना येतील, त्यांतून कामे होतील, असे त्याचे स्वरूप. पर्यावरणाच्या कामाला गुण देऊन बक्षिसे वाटणारे राज्य शासनाचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे आणि त्याने पुष्कळ गावांत जागृती केली, हे निर्विवाद. तथापि बक्षीस ही तरतूद नव्हे. स्पर्धेत जो आधीच समर्थ असतो तोच बहुधा वर येतो, आणि पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई यांसारख्या कोरडवाहू गावांना गुणांकनाची वाट पाहत आपला उन्हाळा ढकलता येत नाही.

टंचाईच्या काळात महाराष्ट्राने काय केले, हे आठवून पाहावे. १९७२ च्या दुष्काळात राज्याची तिजोरी ओसंडून वाहत नव्हती. तरीही रोजगार हमीचा खर्च पेलण्यासाठी १९७५ साली व्यवसायकर बसविण्यात आला, १९७७ साली हमीचा कायदा झाला, आणि शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून कापलेल्या पैशाने खेड्यात पाझर तलाव व नालाबांध उभे राहिले. सुबत्ता येईपर्यंत थांबावे असे त्या पिढीने मानले असते, तर तुमच्या-माझ्या तालुक्यांतील कित्येक तलाव आज नकाशावर दिसले नसते.

आता मंडनाकडे वळतो. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: जे वाचेल ते बांधून ठेवावे. पाणीपुरवठ्याचे जुने पंप, गळक्या वाहिन्या आणि रस्त्यांवरील दिवे यांवर होणाऱ्या विजेच्या खर्चाची तपासणी करावी, सुधारणेतून जी बचत होईल ती सर्वसाधारण शिलकेत मिसळू न देता ठरावाने स्वतंत्र फिरत्या निधीत जमा करावी, आणि त्या निधीतून विहिरींचे पुनर्भरण, ओढ्यांचे खोलीकरण व मोऱ्यांची रुंदी वाढविणे ही कामे क्रमाने घ्यावीत. जर्मनीतील स्टुटगार्टच्या नगर प्रशासनाने १९९५ पासून हीच रीत चालविली आहे. तेथील पर्यावरण विभाग इतर खात्यांना बिनव्याजी रक्कम देतो आणि वाचलेल्या ऊर्जाखर्चातून ती परत घेतो.

आरंभीच्या भांडवलाची सोयही अगदीच नाही असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता, आणि त्यातील निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजलसंचय व पाण्याचा पुनर्वापर यांसाठीच राखलेला होता. पर्जन्यजलसंचय हा शब्द आयोगाच्या शिफारशीत स्पष्ट असताना गावांच्या आराखड्यांनी तो मागे पडू देऊ नये. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात, ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प उभा राहील तिला दरसाल ५ लाख रुपये, तीन वर्षे, प्रोत्साहन म्हणून ठेवले आहेत. ही रक्कम कमानी आणि सभामंडप यांत जाऊ न देता पुनर्भरणाला बांधली, तर एका लहान गावाचे पाण्याचे गणित बदलू शकते. ज्ञानासाठीही दूर जाण्याचे कारण नाही, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात खेड्यातली मुले जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा अंदाज घेण्यास शिकली आहेत.

दोन्ही नगरपरिषदांनी आपल्या पुढच्या अंदाजपत्रकात मागील पाच वर्षांतील टँकर, विंधनविहिरी, पंपांचे वीजबिल आणि पुराच्या दुरुस्त्या यांचा एकत्र तक्ता जोडावा. तो तक्ता सभेपुढे आला, म्हणजे पैसा नाही हे उत्तर देणाऱ्या सदस्याला, इतकी वर्षे जो खर्च झाला तो कोणत्या कामी आला, याचाही खुलासा त्याच सभेत करावा लागेल.