पाऊस घाटावर, नोंद मंडळात, नुकसान गावात

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले रोहिणखेड गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. वर बुलढाण्याचे पठार, खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. या मोक्याच्या जागेमुळेच १४३७ मध्ये बहामनी आणि खानदेशच्या फौजा इथे भिडल्या आणि १५९० च्या सुमारास निजामशाहीच्या गादीचा वादही इथल्याच रणात निकाली निघाला. १५८२ ची जुनी मशीद त्या काळाची साक्ष देत अजून उभी आहे. फौजांचा काळ सरला, पण घाटावरचे पाणी दर पावसाळ्यात नाल्या-ओढ्यांनी खाली उतरतेच.

सरकारी मदतीची मोजपट्टी मात्र हा चढउतार ओळखत नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळातल्या केंद्रावर. एका मंडळात कितीतरी गावे येतात. ढग वर पठारावर फुटला आणि पाणी खालच्या शिवारात शिरले, तर खालच्या मंडळाच्या पर्जन्यमापकात त्याचा पत्ताही नसतो. मग नुकसान पुराचेच आहे, हे शेतकऱ्याने वेगळे पटवून द्यायचे. डोंगराच्या कुशीतल्या गावांवर हा सरळसरळ अन्याय आहे.

पायथ्याचे पाणी काय करते, हे याच जिल्ह्याने २२ जुलै २०२३ रोजी पाहिले आहे. सातपुड्याखालच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नद्या-नाले असे फुगले की उभ्या पिकांसकट जमिनी खरडून गेल्या. पीक गेले तर एक हंगाम जातो, पण मातीच गेली तर शेत पुन्हा उभे करायला वर्षे लागतात.

दुष्काळाची गतही तीच. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बुलढाणा आणि लोणार होते, बुलढाण्याला खेटून असलेला मोताळा नव्हता. पुढच्याच महिन्यात मंडळनिहाय दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. तालुक्याची हद्द फार ढोबळ ठरते, अशी ही सरकारने स्वतःच दिलेली कबुली होती. मग मंडळापाशी तरी का थांबायचे?

दरांचाही भरवसा नाही. राष्ट्रीय निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात, म्हणजे एकरी साधारण ३,४००, तेही ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान झाले तर आणि दोन हेक्टरांपर्यंतच. राज्याने २०२२ मध्ये ही रक्कम १३,६०० रुपये केली, मर्यादा तीन हेक्टरांवर नेली. मे २०२५ मध्ये पुन्हा जुने दर, जुनी मर्यादा. त्या पावसाळ्यात मराठवाडा बुडाला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे पॅकेज आले, तीन हेक्टरांची मर्यादा परतली आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपयांची जोड मिळाली. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी रोख ४७,००० आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची तरतूद झाली, ती योग्यच होती. पण कुणाचे शेत किती मोठ्या बातमीच्या वर्षी वाहून गेले, यावर त्याची भरपाई ठरावी का? दर कायद्याने बांधले पाहिजेत आणि महागाईबरोबर वाढले पाहिजेत.

पूर्वतयारीसाठी पैसाच नाही, असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा धोका कमी करण्यासाठी वेगळा काढला आणि १० टक्के सज्जतेसाठी राखला. केंद्राच्या ‘विंड्स’ कार्यक्रमात ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायचे आहेत. पायथ्याच्या गावांचा त्यावर पहिला हक्क आहे. आणि तो मापक एकटा पुरणार नाही. घाटमाथ्यावरची नोंदही खालच्या गावाच्या पंचनाम्याला जोडायला हवी, कारण पाणी येते ते तिथूनच.

कामाची उमेद या जिल्ह्यात आहेच. भारतीय जैन संघटनेच्या साथीने २०१८ मध्ये जिल्हाभर गाळ काढण्याची मोहीम झाली. महामार्गासाठी लागणारी माती तलाव-नाल्यांतून घ्यायची ‘बुलढाणा पॅटर्न’ची कल्पनाही इथलीच. गाळ काढणारे तेच पोकलेन एप्रिल-मेमध्ये गावाजवळचे तुंबलेले नाले मोकळे करायलाही लावता येतात.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय पहिल्या क्रमांकावर असावा. कुठला पूल गाळाने बुजला, नाल्याकाठी मातीच्या घरात कोण राहते, रात्री पाणी चढले तर शाळेची किल्ली कुणाकडे, वरच्या गावातून फोन कुणी करायचा, हे सगळे तिथेच नावानिशी लिहून घ्यावे. पंचनामा झाल्यावर लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि हरकतींसाठी आठवडाभर तलाठी व कृषी सहायक यांनी गावातच बसावे.