वेताचा हिशेब कोण मांडणार?



कापसात तोटा आला की आपल्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो : जोडधंदा करा, डेअरीला दूध घाला. 2006 साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले. त्यातही दुभती जनावरे वाटण्याची योजना होती. आमचा दुधाला विरोध नाही. कोरडवाहू घराला दावणीच्या म्हशीचा आधार मोठा असतो. प्रश्न एवढाच आहे, की मुख्य धंद्यात घामाचे दाम मिळत नाहीत म्हणून जो धंदा जोडायचा, त्याचा खर्च तरी कोणी नीट मोजला आहे काय?

आपल्याकडच्या बहुतेक म्हशी पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत वितात. नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी असते. घरातली बाई पहाटे उठून शेण काढते, वैरण-पाणी करते. दिवस भरलेल्या म्हशीची कास तटतटली का, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले का, हे पाहून ती वेचणीला जाते. संध्याकाळी परत गोठा. रात्री दोनदा-तीनदा उठून बघायचे. म्हैस व्याली की वासराचे नाकतोंड साफ करायचे, नाळ कापून आयोडीन लावायचे, वार पडेपर्यंत राखण करायची, कारण पडलेली वार म्हैस खाऊन टाकते. सकाळी पुन्हा वेचणी आहेच.

या दिवसांत थोडी हयगय झाली तर वर्ष हातचे जाते. म्हणून तीन गोष्टी घराघरात माहीत हव्यात. पहिली, वासराला चीक पहिल्या तासा-दोन तासांत पाजावा. वार पडण्याची वाट पाहू नये. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे तीस किलोच्या वासराला दिवसाला तीन लिटर चीक, दोन-तीन वेळा वाटून द्यावा. खरवस त्यानंतर. दुसरी, बारा तासांत वार पडली नाही तर ती ओढू नये, डॉक्टरांना बोलवावे. तिसरी, व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत म्हैस बसली, कान गार पडले, मान कुशीकडे वळवून ठेवली, तर तो दुग्धज्वर समजावा. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो. रक्तातले कॅल्शियम उतरलेले असते. शिरेतून कॅल्शियम वेळेवर गेले तर म्हैस उठते. उशीर झाला तर जाते.

आता हिशेब. उदाहरणादाखल एक म्हैस घ्या. दोन वेतांत 14 महिन्यांचे अंतर. 9 महिने, म्हणजे 270 दिवस दूध, सरासरी रोज 5 लिटर. एकूण 1,350 लिटर. उरलेले 150 दिवस ती भाकड, गाभण किंवा चिकावर असते. डेअरीत थेंब जात नाही, पण काम तेवढेच. रोजचे 3 तास आणि मजुरी दिवसाला 200 रुपये धरा. दुधाच्या दिवसांचीच मजुरी मोजली तर लिटरमागे 15 रुपये पडते. पूर्ण 420 दिवस मोजले तर 23 रुपयांच्या वर. मधले 8 रुपये म्हणजे त्या पाच महिन्यांची मेहनत. रात्रीचे जागरण यात धरलेलेच नाही.

ही नुसती मजुरी झाली. चारा-ढेप वेगळी. क्विंटलभर कापसात साठ किलोच्या वर सरकी असते. ती आपण कापसाबरोबर देऊन टाकतो, आणि तिचीच ढेप दुकानदाराच्या भावाने विकत आणतो. खरिपाची ज्वारी होती तोवर कडबा घरचा होता. सोयाबीनने तिची जागा घेतली तिथे आता कुटारावर भागवावे लागते, नाहीतर कडबाही विकत आणावा लागतो.

कापूस-ज्वारीचा हमीभाव काढताना कृषिमूल्य आयोग निदान घरच्यांची मजुरी खर्चात धरतो. ती किती धरतो यावर आपले भांडण आहेच. पण दुधाला हमीभावच नाही, त्यामुळे ही मजुरी मोजण्याची पाळीच येत नाही. 2024 साली राज्य सरकारने लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले, ते गायीच्या दुधाला. म्हशीवाल्यांना त्यातून काही मिळाले नाही. आणि अनुदान हा भाव नव्हे. ते आज मिळते, उद्या बंद होते.

मोजल्याशिवाय मागता येत नाही. म्हणून आमची विनंती आहे : ज्यांच्याकडे या हंगामात म्हैस किंवा गाय विणार आहे, त्यांनी साधी वही घालावी. भाकड झाल्याचा दिवस, व्याल्याचा दिवस, डेअरीत पहिले दूध गेल्याचा दिवस, चारा-ढेप-औषधाचा खर्च, आणि कोणी किती तास काम केले, एवढेच लिहावे. तास जिने काम केले तिलाच विचारून लिहावेत. ओसरीवर बसून अंदाज नको. त्या वह्या पुढच्या जिल्हा बैठकीत मांडू आणि दुधाच्या भावाची मागणी त्या आकड्यांवर ठरवू. बैठकीला वही घेऊन बाईनेच यावे. तिच्या कामाचा भाव ठरत असताना ती घरी का बसावी?