३ ते १२ जानेवारी

जानेवारीचा पहिला पंधरवडा शाळांना जयंत्यांचा असतो. ३ तारखेला सावित्रीबाई फुले, १२ तारखेला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद. आधी बालिका दिन, मग राष्ट्रीय युवा दिन. नऊवारी नेसलेल्या चौथीतल्या मुली भाषणे पाठ करून येतात, बाई त्यांचे फोटो काढतात, फोटो केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातात आणि तिथून तालुक्याला. अहवालाची लिंक भरली की जयंती पार पडली. भाषणांत सावित्रीबाईंवर फेकलेले शेण आणि दगड ठरलेले. पिशवीतली दुसरी साडीही कुणी विसरत नाही. पण सावित्रीबाईंनी शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते, नगरला सिंथिया फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये, हे त्या भाषणांत क्वचितच येते. अंगावर शेण झेलण्याची हिंमत सांगायला सोपी. शिकवण्याचे कसब कमवायला घातलेले दिवस भाषणात रंगत नाहीत.

याच पंधरवड्यात बारामतीहून इंदापूरकडे निघाले की रस्ता उसाच्या गाड्यांचा असतो. भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे हा नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा पट्टा. कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या, वाढ्याचे भारे आणि रानाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या. बीडहून, पाथर्डीकडून आलेले कोयते मुकादमाची उचल फिटेपर्यंत इथेच. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांच्याबरोबर आलेली पोरे कुठल्याच हिशेबात नाहीत.

कायद्याच्या हिशेबात मात्र ती आहेत. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत, वयाला शोभेल त्या वर्गात प्रवेश द्या. गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक दिले असेल तर उत्तम, नसेल तरी घ्या. म्हणजे या रस्त्यावरच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंकडे दिवाळीनंतर पाच-सात नवी मुले येतात. एक वयाने पाचवीतले, पण जोडाक्षर वाचता येत नाही. दुसरीला हिशेब तोंडी पक्का, कारण ती बापाबरोबर मोळ्या मोजते. वजाबाकी कागदावर मांडायला सांगितली की गप्प. तिसऱ्याच्या घरात बंजारा बोली. चौथी रोज येईलच असे नाही, कारण कोपीवर धाकटा भाऊ सांभाळायचा असतो. मार्च उजाडला की कारखान्यांचा पट्टा पडतो, हंगाम संपतो, कोयते परततात आणि मुलेही जातात. वार्षिक चाचणीत त्यांचे काय झाले, ते या बाईंना कधीच कळत नाही.

या बाईंना हे काम कुणी शिकवले? डी.एड.ला असताना त्यांनी सराव पाठ घेतले, टाचणे काढली, पुठ्ठ्याची शैक्षणिक साधने केली. नोकरीत आल्यावर प्रशिक्षणे झाली. नव्वदच्या दशकात स्मार्ट पीटी होते, अलीकडे दीक्षा पोर्टलवरचे निष्ठा; २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तर वर्षाला किमान ५० तास ठरवून दिले. सभागृहात शंभर जण, समोर पडद्यावर सादरीकरण, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र. ऑनलाइन असेल तर व्हिडिओ चालू ठेवून एकीकडे पोषण आहाराची नोंद करता येते. यातले काहीच उपयोगाचे नसते असे आम्ही म्हणणार नाही. पण कोपीवरच्या मुलीला शाळेत टिकवून कसे धरायचे, हे बाई जर शिकल्या असतील तर शेजारच्या वर्गातल्या किंवा शेजारच्या वस्तीवरच्या जुन्या गुरुजींकडून, चहा घेता घेता. त्या चहाला तास मिळत नाहीत.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकाचे वर्णन आहे. तो प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मोकळेपणाने मिसळणारा असावा, वेळ पडली तर नांगराची रुमणी किंवा सुताराची हत्यारे हाती धरायला लाजणारा नसावा, त्याच्या शिक्षणात शेती आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे. आणि हो, त्याला नीट पगार असावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात अध्यापकांसाठी विद्यालय काढले, तेव्हा हे वर्णन प्रत्यक्षात उतरवण्याचीच ती खटपट होती. खेड्यातली पोरे यायची, काम करून शिकायची आणि शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात जायची. पुढे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या, त्या देवळांत, चावडीत, मिळेल त्या ओसरीवर. इमारत नव्हती, पण शिक्षक तयार होता.

नंतर आपण उलटे केले. इमारती उभ्या राहिल्या. २०००च्या आसपास डी.एड. हा ग्रामीण महाराष्ट्राचा हमखास नोकरीचा मार्ग होता. दहावी-बारावीत बरे गुण पडलेली मुलगी डी.एड.ला घालायची आणि स्थळ बघताना ते पहिल्या वाक्यात सांगायचे. ही भूक बघून संस्थाचालकांनी विद्यालये काढली. राज्यात त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. महाराष्ट्रातल्या अशा २९१ नव्या विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. देशभरच्या शिक्षक-प्रशिक्षणाची झाडाझडती घेणारा त्यांचा २०१२चा अहवाल मुळात आपल्या राज्यातल्या या दुकानदारीमुळे लिहिला गेला, ही काही मिरवण्याजोगी गोष्ट नाही. त्याच वर्षी मे महिन्यात राज्याने शिक्षकभरती थांबवली. ज्यांनी फी भरली, त्यांच्या हातात पदविका राहिली. आज बारामतीच्या एमआयडीसीत, पतसंस्थांत, स्वतःच्या दुकानात डी.एड. झालेली माणसे भेटतात. त्यातली काही चांगले शिक्षक झाली असती.

पुढे शिक्षक पात्रता परीक्षा आली. टीईटी. तिचा हेतू रास्त होता: प्रमाणपत्र विकत मिळू लागले तर ज्ञान कुठेतरी तपासायला हवे. मग ती परीक्षाच विकली गेली. २०१९-२०च्या टीईटीतल्या गैरप्रकारात परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१मध्ये अटक केली आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. आता १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर घरी जावे. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली, त्यांना सूट आहे, पण टीईटीशिवाय बढती नाही. शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. पंचविशीत नोकरीला लागलेल्या पन्नाशीच्या गुरुजींना पुन्हा बालमानसशास्त्राचे पर्याय निवडायला बसवणे क्रूर वाटते हे खरे. तरी न्यायालयाने कायदा वाचला तसाच सांगितला, त्याला दोष देऊन उपयोग नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ही मुदत संपेपर्यंत राज्यातल्या शिक्षकांची अभ्यासाची सगळी ताकद उत्तरपत्रिकेचे गोल काळे करण्यात जाणार. दोन्ही पेपर उत्तम गेलेल्या बाईंना कोपीवरची मुलगी पूर्वीइतकीच अवघड जाईल.

आता १२ तारखेच्या युवा दिनाकडे वळू. युवकांचा विकास म्हणजे काय, हे या भागात पहाटे पाचला रस्त्यावर दिसते. पोलीस भरतीची पोरे-पोरी पळत असतात. गावोगाव अकादम्या आहेत, एमपीएससीच्या अभ्यासिका आहेत. आईबाप उसाच्या बिलातून फी भरतात. सरकारने २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. पुढे ती पाच महिन्यांनी वाढवली. या योजनेतले अनेक तरुण जिल्हा परिषदेच्या शाळांतही आले. मुदत संपल्यावर त्यांनी कायम करा म्हणून आंदोलने केली आणि सरकारने सांगितले की ही नोकरी नव्हतीच, प्रशिक्षण होते.

प्रशिक्षण होते हे मान्य. मग प्रशिक्षक कोण होता? अनेक शाळांत या मुलामुलींनी यूडायसवर शाळेची माहिती भरली, आधार अपडेट केले, शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले तेव्हा वर्ग सांभाळला. मुले त्यांना ताई, दादा म्हणू लागली. काहींना शिकवण्याचा हात होता, हे वर्गाच्या दारात पाच मिनिटे उभे राहिले तरी कळत होते. पण त्यांचा पाठ कुणी पाहिला नाही, कुणी त्यांना म्हटले नाही की आज तू फळ्याकडे तोंड करून बोललीस. अकरा महिन्यांनी दाखला मिळाला. डी.एल.एड., म्हणजे आताच्या डी.एड.च्या, प्रवेशात किंवा भरतीत त्या महिन्यांना काडीची किंमत नाही.

म्हणजे एकाच छपराखाली वीस वर्षांच्या अनुभवाच्या बाई होत्या आणि शिकायला आलेली, पगारी, गावातलीच मुलगी होती. सरकार दोघींच्या प्रशिक्षणावर स्वतंत्रपणे खर्च करत होते. एकीने दुसरीला शिकवावे, हे कुणाच्याच कामात लिहिलेले नव्हते.

या भागाला असे शिकणे परके नाही. आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी या रस्त्यावरच्या गावांत मुक्कामी असते. हजारो वारकऱ्यांचे पाणी, जेवण, झोप गाव एका रात्रीत पेलते. शाळेच्या खोल्याही दिंड्यांना उघडतात. त्याची कार्यशाळा कुणी घेत नाही. पोरे थोरांबरोबर वाढायला उभी राहतात आणि चार वर्षांनी त्यांच्याकडेच एका दिंडीची जबाबदारी येते.

शिक्षणातही हे घडलेले आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी वर्ग बदलून दाखवले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. आदेशापेक्षा शेजाऱ्याच्या वर्गात चालताना पाहिलेली गोष्ट शिक्षकाला पटते. पुढे त्याचे जे झाले, तेही विसरू नये: वरून उद्दिष्टे आली, ज्ञानरचनावादाच्या नावाने शाळाशाळांत फरशा रंगवल्या गेल्या, आणि बऱ्याच ठिकाणी रंगच तेवढा पोचला. बघून आलेल्याला करून बघायला सवड आणि चुकायला मुभा द्यावी लागते. फरशीचा खर्च त्याहून स्वस्त पडतो.

करायला यंत्रणा नवी लागत नाही. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख, दरमहा शिक्षण परिषद, तालुक्याला गटसाधन केंद्र, जिल्ह्याला लोणी काळभोरची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, ही उतरंड कागदावर उत्तम आहे. प्रत्यक्षात केंद्रप्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, एकाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार असतो आणि शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचली जातात. आमचे म्हणणे एवढेच की ऊसपट्ट्यातल्या केंद्रांनी ती परिषद आपल्या कामाची करावी. हंगामाला आलेली मुले गेल्या वर्षी कोणी टिकवली, त्या शिक्षकाने बोलावे, बाकीच्यांनी त्याच्या शाळेत जाऊन पाहावे. बीड किंवा पाथर्डीकडचा एखादा शिक्षक बोलवावा. त्याच्या वर्गातली मुले इकडे येतात, इकडची तिकडे परततात, आणि दोन्हीकडच्या शिक्षकांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. हमी पत्रकावर शिक्का असतो. त्यावर वर्गशिक्षकाचा फोन नंबर आणि मूल काय वाचू शकते याच्या दोन ओळी लिहायला कोणाची मंजुरी लागू नये.

युवा प्रशिक्षणार्थींचे पुन्हा काही करायचे झाले तर शाळेत येणाऱ्या प्रत्येकाला एक शिक्षक नेमून द्यावा, आठवड्यातले काही तास फक्त शेजारी बसून बघण्याचे आणि काही त्या शिक्षकाच्या देखत शिकवण्याचे ठेवावेत, त्या शिक्षकाने लिहिलेला अभिप्राय पुढच्या प्रवेशाला जोडावा. आणि शिकवणाऱ्या शिक्षकाचे ते तास त्याच्या ५० तासांत धरावेत. यातून सगळे शिक्षक होणार नाहीत, व्हायलाही नकोत. कोणाला हे काम झेपत नाही, हे दोन वर्षांची फी भरण्याआधी कळले तर तेही घरच्यांचे पैसे वाचवणारेच आहे. मात्र स्वस्तात वर्ग सांभाळायला माणूस मिळाला, असा अर्थ जिल्हा परिषदेने काढला तर या सूचनेला आम्हीच विरोध करू. शिक्षणसेवकाच्या तुटपुंज्या मानधनाचा अनुभव राज्याला आहे. २०००पासूनचे ते मानधन वाढून प्राथमिकला १६,०००वर यायला २०२३ उजाडले.

पुढचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होईल. सप्टेंबरची शिक्षण परिषद या एका विषयाला मोकळी ठेवता येते. त्याला नवा शासन निर्णय लागत नाही. केंद्रप्रमुख लागतो, आणि इंदापूर तालुक्यात ज्या केंद्रांना तो नसेल, तिथे तो सप्टेंबरच्या आत नेमावा लागेल.