दांडी गुल!

कट्!

एवढाच आवाज आला. मग टिनावर काहीतरी टणकन आपटलं आणि मी ब्रेक मारला. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दिवाळीला घरी, नांदगाव खंडेश्वरला गेले होते. बाबांनी अंगणात गाडीसाठी टिनाचं शेड उभारलंय. त्याचा पुढचा आडवा पाइप जरा खालीच आलाय. बाबा रोज शेडपाशी थांबतात, उतरतात, टपावरची अँटेना मागे झोपवतात आणि मगच गाडी आत घेतात. मला वाटायचं, काय हा सोपस्कार! पुण्यात बेसमेंट पार्किंगमध्ये रिव्हर्स मारणाऱ्या पोरीला शेड काय शिकवणार? शिकवलं. धाकट्या भावाने अंपायरसारखं बोट वर केलं, "दांडी गुल!"

आता खरी गंमत पुढे आहे. कारण दांडी मोडली हा गुन्हा नव्हताच, खरा गुन्हा मी नंतर केला. तुटलेली दांडी उचलली, पाच रुपयांची इन्स्टंट गोंदाची ट्यूब आणली आणि अँटेनाच्या बुडावर भसाभस ओतली. दोन मिनिटं धरून ठेवली. चिकटली! फोटो काढला, स्टेटसला टाकला, रात्रीची बस पकडून पुण्याला परत.

दांडी तिसऱ्या दिवशी पडली. हे मला कुणी सांगितलंच नाही.

कळलं ते जूनमध्ये. आईचा फोन. "तुह्या बाबाचा रेडिओ बंद हाय दिवाळीपासून. गाडीत मुक्यावानी बसते. अन् आता छतातून पाणीबी गयते." मागून बाबांचा आवाज, "असू दे वं, मी कुठी ऐकतो रोज!"

ऐकतात. रोज ऐकतात. घरापासून शेतापर्यंतच्या रस्त्यात बातम्या, हवामान, बाजारभाव आणि एखादं जुनं गाणं. पेरणीच्या दिवसांत तर हवामान चुकवणं म्हणजे पाप. मागे मी त्यांना मोबाइल ब्लूटूथला जोडून दिला होता. पहिल्याच दिवशी काकूंचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज अख्ख्या यवतमाळ रोडला ऐकू गेला. तेव्हापासून मोबाइल खिशात आणि रेडिओ डॅशबोर्डवर, अशी वाटणी झाली. आणि सात महिने ती अर्धी वाटणी मी बंद पाडून ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा काडीवाचून काय अडतं? शहरात खरंच अडत नाही. ट्रान्समीटर उशाशी असला की सुतळीनेही स्टेशन लागतं. पण नांदगाव खंडेश्वर अमरावती-यवतमाळ रस्त्यावर, दोन्ही शहरांच्या मधे. एफएमची लाट साधारण सरळ रेषेत धावते, जमिनीच्या गोलाईपलीकडे फार जात नाही. त्यामुळे आकाशवाणीचं यवतमाळ केंद्र असो की अकोला, आमच्याकडे येईतो सिग्नलचा दम गेलेला असतो. अशा काठावरच्या जागी दांडी आहे की नाही, यावर गाणं की खरखर ते ठरतं.

थोडं गणित करू, घाबरू नका. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी ३ मीटर. तिचा पाव हिस्सा, म्हणजे ७५ सेंटिमीटरची सरळ दांडी ही लाट मस्त पकडते. आणि खालचा पत्र्याचा टप हा नुसता स्टँड नसतो, तो अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. अॅम्बेसेडर-फियाटच्या जमान्यात बॉनेटशेजारची चकचकीत दांडी ओढून लांब करायचे (आणि गल्लीतली पोरं ती वाकवायची), ते याच हिशेबाने. हल्लीच्या वीतभर काळ्या दांडीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. लांबी कमी पडते, म्हणून बऱ्याच गाड्यांत बुडाशी छोटा अॅम्प्लिफायर बसवतात. मिडियम वेव्हचं तर बोलूच नका. बाबांच्या पिढीने नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर ऐकलं. ती लाट पाचशे मीटरहून लांब! तिच्यापुढे कारची दांडी म्हणजे हत्तीपुढे टाचणी.

तर, सुट्टी टाकून मी परत गावी. अपराध माझा, खर्च माझा.

पहिला स्टॉप अमरावती, कार अॅक्सेसरीजचं एक चकाचक दुकान. पोराने लगेच 'शार्क फिन' काढली. माशाच्या परासारखी, चमकदार काळी, दिसायला एकदम झकास. "ताई, लूक बदलून जाईल गाडीचा." मी उलटी करून पाहिली. खाली नुसता दोन्हीकडून चिकटणारा टेप. वायर नाही, स्क्रू नाही, काही नाही. म्हणजे टपावर चिकटवायची टिकली! मोठ्या गाड्यांवर कंपनीने बसवलेल्या फिनच्या पोटात खरी अँटेना आणि अॅम्प्लिफायर असतो, बऱ्याचदा जीपीएससुद्धा. बाजारात मिळणाऱ्या सगळ्यांत तो असेलच असं नाही. तेव्हा घेताना उलटी करून बघा. पोटात वायर नसेल तर ती अँटेना नव्हे, दागिना आहे.

दुसरा स्टॉप, एक मोठं वर्कशॉप. तिथे सांगितलं, पूर्ण सेट बदलावा लागेल. बुडापासून स्टिरिओपर्यंतची केबल, छताचं आतलं कापड उतरवायचं, पार्ट मागवायचा, आठ दिवस. आकडा ऐकून मी पाणी मागितलं.

तिसरा स्टॉप मात्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ पाहायला बाहेरून लोक येतात, त्याच आमच्या गावात एक ऑटो इलेक्ट्रिशियन भाऊ बसतात. त्यांनी टपावर एक नजर टाकली आणि विचारलं, "हे गोंद कोन्या शहाण्यानं लावलं?"

मी आकाशाकडे पाहिलं.

"ताई, नुसती दांडी तुटली असती तं दीडशे रुपयात काम होतं. मोडलेल्या तुकड्याले हेक्सॉ ब्लेडनं खाच पाडली असती, पेचकसानं फिरवून काढला असता, नवी दांडी कसली असती. झालं. तुमच्या गोंदानं आटे भरून टाकले ना!"

लक्षात घ्या मंडळी, दांडी वेगळी, बूड वेगळं, केबल वेगळी. काय गेलंय ते आधी बघायचं. भाऊंनी स्टिरिओ बाहेर ओढला, केबलची पिन काढली, मल्टिमीटर लावला. पिनेच्या मधल्या टोकापासून वरच्या स्क्रूपर्यंत करंट जातोय का? आणि मधली तार बाहेरच्या जाळीला कुठे चिकटलीये का? (बुडात अॅम्प्लिफायर असेल तर ही टेस्ट फसवते. आमच्या जुन्या गाडीत तो नव्हता.) केबल ठणठणीत निघाली. म्हणजे वर्कशॉपने सांगितलेला अर्धा खर्च तिथेच वाचला. पुढची दांडी घेताना जुन्या स्क्रूचा तुकडा सोबत नेला, कारण आट्यांची जाडी गाडीगणिक वेगळी असते. डोळ्यांनी सारखीच दिसते आणि बसताना आटे खाऊन टाकते.

मग छतातला दिवा काढला, कापड जरासं खाली ओढलं, आणि आतून बुडाचा नट सापडला. बूड उचललं तर खालचं रबर तडकलेलं. मी दांडी चिकटवताना जोर लावला होता ना, त्याचा प्रसाद. तिथून पाणी शिरत होतं. भोकाभोवती गंजाचं लालसर कडं, आणि दिव्याच्या वायरीपर्यंत ओल. "अजून एक पावसाळा गेला असता तं पत्राच खाल्ला असता यानं," भाऊ म्हणाले. माझा चेहरा पाहून लगेच म्हणाले, "होते असं, ताई."

गंज घासला, प्रायमर मारला. पण जिथे बुडाचे दात पत्र्यात रुततात, तेवढी जागा मुद्दाम कोरी ठेवली. तिथे रंग आला की टपाशी कनेक्शन तुटतं आणि नवीकोरी अँटेनाही खरखरते. नवं बूड, नवं रबर, नट बेताने कसला. मग टपावर दहा मिनिटं नळीने पाणी. मी आत बसून छताकडे टक लावून. एक थेंबही नाही.

पुण्या-मुंबईच्या दोस्तांसाठी एक सांगते, कारण हे माझ्याच मैत्रिणीच्या बाबतीत झालं. नवा टचस्क्रीन स्टिरिओ बसवला आणि एफएम गायब. दोष अँटेनाचा नव्हता. बुडात अॅम्प्लिफायर असेल तर त्याला १२ व्होल्ट लागतात. बाजारच्या स्टिरिओमागे त्यासाठी बहुधा निळी वायर असते, आणि बसवणाऱ्याने ती टेप गुंडाळून सोडून दिली होती. आणि हो, ब्रशवाल्या कार वॉशमध्ये शिरण्याआधी दांडी फिरवून काढा. ती हातानेच निघते.

रेडिओ आता कोण ऐकतं, असं म्हणणारे अमेरिकेतही होते. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारी एएम रेडिओत खरखर आणतात, म्हणून काही कंपन्यांनी तो काढूनच टाकला. फोर्डनेही नव्या गाड्यांतून एएम काढायचं ठरवलं होतं आणि मे २०२३ मध्ये निर्णय फिरवला. त्याच महिन्यात प्रत्येक गाडीत एएम सक्तीचा करणारं विधेयक तिथल्या संसदेत मांडलं गेलं. कारण तेच, गावाकडचे लोक आणि वादळाचे इशारे. माझ्या बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग? तिथीबी शेतकरीच हायेत ना."

काम संपेस्तोवर संध्याकाळ झाली. बाबा स्वतः गाडी न्यायला आले. चावी फिरवली, बटन दाबलं. आधी खरखर, मग निवेदिकेचा आवाज, स्वच्छ. बाबा काही बोलले नाहीत. आवाज दोन घरं वाढवला आणि मला म्हणाले, "बस."

घरी शेडपाशी गाडी थांबली. ते दार उघडणार, तेवढ्यात मी उतरले आणि दांडी मागे झोपवली.