साहसाचे अंकगणित

साहस आणि हिशेब यांचे हाडवैर आहे, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. आधी उडी घेऊन मग खोली मोजतो तो धाडसी आणि आधी खोली मोजतो तो कारकुनी वृत्तीचा, अशी सरळ विभागणी आपण करून टाकलेली असते. हा समज कितपत खरा आहे हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेच्या युटा राज्यातील कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घ्यावे. तेथील ‘व्हाइट रिम’ नावाच्या खडकाळ रस्त्यावर जाड टायरची डोंगरी सायकल, म्हणजे माउंटन बाइक, चालविणे हे अनेक सायकलस्वारांचे वर्षानुवर्षे जपलेले स्वप्न असते. या प्रवासाचा बराचसा भाग मात्र सायकलवर नव्हे, तर कित्येक महिने आधी घरच्या टेबलावर, कागद-पेन्सिल समोर घेऊन पार पडतो.

ग्रीन आणि कोलोरॅडो या दोन नद्यांनी वालुकाश्माचा प्रदेश कोरून काढला आणि त्यांच्या मधोमध एक उंच पठार उरले. त्याचे नावच ‘आयलंड इन द स्काय’, म्हणजे आकाशातील बेट. या पठाराच्या कड्याखाली सुमारे हजार-बाराशे फुटांवर फिकट पांढऱ्या खडकाची एक रुंद पायरी आहे. नद्या तिच्याही खाली आणखी सुमारे हजार फूट आहेत. या पायरीवरून पठाराला वळसा घालणारा व्हाइट रिमचा फेरा सुमारे १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा आहे. रस्ता केला तो सहलीसाठी नव्हे. १९५०च्या दशकात अणुशक्ती आयोगाच्या उत्तेजनाने युरेनियमचा शोध घेणाऱ्यांनी या भागात रस्ते खोदले. युरेनियम येथे फारसे सापडले नाही. रस्ते तेवढे राहिले. १९६४ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला आणि अण्वस्त्रांच्या स्पर्धेतून जन्मलेला रस्ता सायकलस्वारांच्या वाट्याला आला.

या रस्त्यावर पिण्याचे पाणी कोठेही मिळत नाही. नद्या दिसतात, परंतु बहुतेक वाटचालीत त्या कड्याखाली खोल असतात, आणि जेथे रस्ता त्यांच्याजवळ जातो तेथे पाणी गाळाने गढूळ असते. तेव्हा सारा हिशेब पाण्यापासून सुरू होतो. माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी धरले, तरी ४ माणसांना ४ दिवसांसाठी ६४ लिटर लागते. म्हणजे अन्न, तंबू, अंथरुणे व सायकलीची हत्यारे बाजूला ठेवली, तरी ६४ किलोंचे ओझे झाले. ते पाठीवर घेऊन सायकल चालविणे अशक्य. म्हणून बहुतेक गट चारही चाकांना शक्ती पुरविणारी एक मोटार सोबत ठेवतात. मोटार आली म्हणजे तिचा चालक आला. चौघांपैकी प्रत्येकाने एक दिवस सायकल सोडून मोटार हाकावयाची, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. न ठरविल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीची जी परीक्षा होते, ती चढावरच्या परीक्षेपेक्षा कठीण असते.

अंतराचे गणितही फसवे आहे. ४ दिवसांत १६० किलोमीटर, म्हणजे दिवसाला ४०. डांबरी रस्त्यावर हे अंतर एका सकाळीत संपेल. येथे मात्र मऊ वाळू, खडकाच्या पायऱ्या आणि मर्फी हॉगबॅक व हार्डस्क्रॅबल हिल यांसारखे चढ वेळ खातात. प्रवास शेफर ट्रेलच्या बाजूने सुरू करा वा मिनरल बॉटमच्या बाजूने, पठारावर परत येण्यासाठी शेवटी नागमोडी वळणांचा उभा चढ चढावाच लागतो. राखीव शक्ती शेवटच्या दिवसासाठी ठेवावी लागते, ती पहिल्या दिवशीच्या उत्साहात उधळून चालत नाही. काही कसलेले सायकलस्वार हा फेरा एका दिवसात पुरा करतात. त्यांचा हिशेब तर इतरांहून काटेकोर असावा लागतो.

ऋतूही लक्षात घ्यावा लागतो. उन्हाळ्यात पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वादळी सरी येतात आणि कोरड्या ओढ्यांना अकस्मात लोंढे फुटतात. २०१० मध्ये अशाच पावसाने मिनरल बॉटमची वळणे वाहून गेली होती. म्हणून वसंत आणि शरद हेच दोन ऋतू योग्य मानले जातात. मोटार अडकल्यास ती ओढून काढण्याचा खर्च हजाराहून अधिक डॉलर होतो, आणि मदत मागण्यासाठी दूरध्वनीचा संपर्क मिळेलच याची शाश्वती नसते.

याच प्रदेशात एप्रिल २००३ मध्ये घडलेली एक घटना पुढे चित्रपटामुळे जगभर माहीत झाली. ॲरन राल्स्टन हा अनुभवी गिर्यारोहक या उद्यानालगतच्या ब्लूजॉन कॅन्यनपर्यंत सायकलने गेला आणि पुढे एकटाच अरुंद घळीत उतरला. निसटलेल्या शिळेखाली त्याचा उजवा हात अडकला. पाच दिवसांनंतर स्वतःचा हात कापूनच त्याला सुटका करून घ्यावी लागली. त्याच्या धैर्याबद्दल बोलावे तेवढे थोडे आहे. परंतु आपण कोठे जात आहोत हे त्याने कोणालाही सांगितलेले नव्हते, हे विसरता येणार नाही. अपघात कोणत्याही नियोजनाने टळला नसता कदाचित. पण मागे ठेवलेल्या एका चिठ्ठीने शोध कोठे घ्यावयाचा हे तरी कळले असते.

आता वादाचा मुद्दा. व्हाइट रिमवर मुक्काम करावयाचा तर ठरवून दिलेल्या जागीच करता येतो, आणि त्यासाठी आगाऊ परवाना घ्यावा लागतो. २०१५ पासून एका दिवसाच्या फेरीसही परवाना आवश्यक झाला असून, दिवसाला ५० सायकली व ५० मोटारी अशी मर्यादा आहे. भूमी जनतेची असताना जनतेलाच दाराशी का अडवावे, असा प्रश्न यावर विचारला जातो. तो पोकळ नाही. कित्येक महिने आधी तारीख निश्चित करणे ज्याची रजा पक्की असते त्यालाच साधते. रोजंदारीवर जगणाऱ्याला नव्हे. या पद्धतीत हा अन्याय आहे, हे मान्यच करावयास हवे.

तथापि मर्यादा उठविल्याने तो दूर होईल काय? मोकळ्या दाराचा लाभही सवड आणि साधने असणाऱ्यांनाच आधी मिळतो. शिवाय येथील जमीन गर्दी सोसणारी नाही. रस्त्याच्या कडेला दिसणारी काळपट, खडबडीत माती सजीव असते. सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ यांच्या जाळ्याने बांधलेला तो थर वाळू धरून ठेवतो, पाणी मुरवितो. एका चाकाने तो मोडला, तर पूर्ववत होण्यास कित्येक दशके लागू शकतात. म्हणूनच सायकलीने रस्ता सोडता कामा नये, असा तेथील सक्त नियम आहे. रांगेत काही अन्याय असेलही. पण ज्यासाठी रांग लावावयाची तेच तुडविले गेले, तर पुढच्या पिढीला रांगेत उभे राहण्याचेही कारण उरणार नाही. रांग अधिक न्याय्य कशी करता येईल, याचा विचार अवश्य व्हावा. ती मोडण्याचा मात्र होऊ नये.

पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीच्या गडवाटांवर उसळणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. आपल्याकडे बंदी येते ती बहुधा अपघातानंतर, आणि चार दिवसांनी ती विसरली जाते. अपघातापूर्वीच संख्या ठरविणे आणि ती पाळणे ही सवय अद्याप लागावयाची आहे. ती केवळ सरकारी हुकमाने लागणार नाही. आठ दिवसांची रजा टाकणारा शिक्षक किंवा सुट्टीत गडावर निघालेला विद्यार्थी पाण्याचा, वाटेचा, परतीच्या वेळेचा हिशेब स्वतः मांडू लागेल आणि घरच्यांच्या हाती आपला मार्ग लिहून देईल, तेव्हाच ती लागेल. तसा हिशेब मांडणाऱ्याला कोणी भित्रा म्हटले तर म्हणू द्यावे. व्हाइट रिमचा शेवटचा चढ पाणी शिल्लक असणाराच चढून येतो.