तपासणी झाली, पुढें काय?

शाळेंत डॉक्टर येतात, मुलांचे डोळे, दांत, कान पाहतात, कागदावर ‘दवाखान्यांत न्यावें’ असें लिहून निघून जातात. तो कागद दप्तरांतून घरीं येतो व कोनाड्यांत पडून राहतो. आईबाप बेफिकीर असतात म्हणून नव्हे. तालुक्यास जावयाचें तर एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून! मग नुसत्या तपासणीनें मूल बरें होतें काय ?

हाच प्रश्न अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरापुढें शतकापूर्वीं उभा होता. तेथें १८९७ पासून डॉक्टर शाळा तपासूं लागले. खरूज, गजकर्ण, उवा, खुपऱ्या आढळल्या कीं मुलास घरीं पाठवीत. औषधपाणी कोण करणार, हें कोणी पाहत नसे. मूल गल्लींत त्याच सोबत्यांशीं खेळे आणि शिक्षणास मात्र मुके !

तेव्हां गरिबांच्या वस्तींत राहून सेवा करणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनीं ऑक्टोबर १९०२ मध्यें लीना रॉजर्स ही नर्स एक महिन्याकरितां चार शाळांस दिली. ही बाई शाळेंतच जखमा धुऊन मलम लावी आणि घरोघर जाऊन आयांना उपचार शिकवी. फळ काय झालें ? प्रयोग पटून शहरानें आणखी नर्सा नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्यें १०,५६७ मुलें घरीं पाठविलीं होतीं. पुढील सप्टेंबरांत तो आंकडा १,१०१ वर आला. रोग तेच, गरिबी तीच. उंबरठा ओलांडणारें माणूस मात्र मिळालें!

पण चूलच पेटत नसेल, तर मलम काय करील ? म्हणून १९०६-०७ च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन व हार्टफर्ड येथें घरच्या अडचणी जाणून घेणारे समाजसेवकही शाळांस जोडले गेले.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. दोन डॉक्टर, औषधें देणारा व नर्सबाई असें पथक शाळेंत वर्षांतून एकदां येतें. पुढील उपचारही फुकट आहेत. गांवांत आशाताई आहे. माणसें आहेत, गांठ मारावयाची राहिली आहे. आमचें मागणें इतकेंच : नर्सबाई, आशाताई व गुरुजी यांनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसून यादींतील प्रत्येक मुलाचें काय झालें तें पाहावें, आणि जे घर अडलें असेल तेथें जावें.

शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, तपासणीच्या दिवशीं शाळेंत जा व ‘माझ्या मुलाच्या कागदावर काय लिहिलें ?’ असें विचारा. ज्याला फळ्यावरचें दिसत नाहीं त्याला ‘ढ’ म्हणण्यापूर्वीं चष्मा मिळाला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. कोणाची मेहेरबानी नव्हे!